खांबांमधली जागा

निशिगंधाचा फोटो चौकात लागला, तो सगळ्यात आधी तिच्या आईने पाहिला. इंदुमतीबाई जयपुरातल्या गोविंददेवजींचं दर्शन घेऊन ई-रिक्षातून परत येत होत्या. गोटेवालों का रास्ता ही गल्ली ज्या चौकातून सुरू होते, तिथे त्यांनी मान वर केली आणि रिक्षावाल्याच्या खांद्यावर थापच मारली. रिक्षा थांबवून त्या खाली उतरल्या, फोटोचा फोटो काढला, साताऱ्यापासून नाशिकपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला आणि मग मुलीला फोन केला.

"अगं निशू, केवढी मोठी दिसतेयस तू! दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला डोकं लागलंय तुझं."

निशिगंधा झालाना भागातल्या ऑफिसात होती. एका विमा कंपनीत ती दावे मंजूर करण्याचं काम करायची. "कसला फोटो, आई?"

"खुर्चीवरचा. नकाशावर बोट ठेवलंयस आणि हसतेयस. खाली लिहिलंय, 'आपका रास्ता, आपकी राय'. हसतेयस मात्र छान. घरी कधी हसत नाहीस अशी."

निशिगंधाला तो दिवस आठवला. आणि खरंच, तशी ती त्यानंतर हसली नव्हती.

तिच्या वडिलांची, राजन सबनीसांची, बदली जयपूरला झाली तेव्हा निशिगंधा चौथीत होती. पुढे बदल्या थांबल्या, मालवीय नगरात घर झालं, धाकटा भाऊ निनाद इथेच जन्मला, आणि वडील गेल्यावरही कुटुंब इथेच राहिलं. साताऱ्याच्या मराठीत 'मतलब' आणि 'भैया' मिसळले. निशिगंधाला शहराचा जुना भाग नकाशा न बघता पाठ होता. नोकरी लागल्यावर शनिवारी दुपारी ती एकटीच निघायची आणि गोटेवालों का रास्त्यात शिरायची. तिथे साड्यांना, ओढण्यांना लावायची सोनेरी-रुपेरी किनार मिळते, गोटा म्हणतात तिला. दुकानंच्या दुकानं त्याची. घ्यायचं काही नसलं तरी ती रिळं बघत हिंडायची. चौथमलजींच्या दुकानात बसून चहा प्यायची. पायांना कळ लागेपर्यंत चालायची.

मग टोंक रोडवर एका ट्रकने तिच्या स्कूटीला मागून उडवलं. पाठीचा कणा गेला. त्याला आता चार वर्षं झाली होती. ऑफिसने उतार बांधून दिला, निनादने गाडी बदलली, आईने स्वयंपाकघरातला ओटा खाली घेतला. पण जुन्या शहरात ती पुन्हा गेली नव्हती. तिथे रस्त्यावर स्कूटर, सायकलरिक्षा, हातगाड्या, गाई, आणि त्यांच्यामधून अंग चोरून चालणारी माणसं. धडधाकट माणसाला जिथे कोपर मारून वाट काढावी लागते, तिथे खुर्ची कुठून जाणार?

म्हणून गोटेवालों का रास्ता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी होणार आणि त्यासाठी लोकांची मतं मागवली आहेत, असं वाचलं तेव्हा ती सी-स्कीम भागातल्या त्या सभेला गेली. निनादला सांगून, रजा टाकून.

सभेत बोलायला उभा राहिलेला वास्तुरचनाकार पुण्याचा निघाला. कौशिक रानडे नाव, वय पस्तिशीच्या आत. युरोपातल्या ज्या शहरात तो शिकला होता, तिथला एक जुना बाजाररस्ता त्याने पडद्यावर दाखवला. शहराच्या अगदी मधोमध. शेकडो वर्षांची दुकानं, दगडी फरसबंदी, आणि एकही गाडी नाही. तिथले दुकानदारही सुरुवातीला भांडले होते, गिऱ्हाईक येणार नाही म्हणून. आज त्या रस्त्यावर दुकान मिळणं मुश्कील, असं तो सांगत होता. लोक माना डोलावत होते.

एका चित्राशी निशिगंधा पुढे वाकली. त्या रस्त्यावरून एक म्हातारी बाई व्हीलचेअरवरून चालली होती. मांडीवर पावाची पिशवी, गळ्यात लाल मफलर. ती बाजूच्या दुकानाच्या काचेत काहीतरी बघत होती. तिच्या मागे कोणीच नव्हतं. ढकलायला नाही, सांभाळायला नाही, कोणीच नाही.

सभा संपल्यावर निशिगंधा पुढे गेली. "ही बाई एकटी कशी आत आली?" तिने आपलं नाव सांगून हिंदीत विचारलं. मग आडनाव ऐकून कौशिकनेच मराठीत सुरुवात केली.

"अरे वा, तुम्ही मराठी! एकटीच येते ती. रोज. रस्त्याच्या तोंडाशी खांब असतात ना, गाड्या अडवायला, त्यांच्यात मुद्दाम अंतर ठेवलेलं असतं."

"मग इथेही ठेवा. माझी खुर्ची बघून घ्या. हात फिरवायला दोन्हीकडे जागा लागते. मीटरभर तरी सोडा."

"नक्की. तुमच्यासारख्या माणसांचं मत तर आम्हाला हवंच आहे." त्याने तिला गल्लीचा मोठा नकाशा दाखवला. तिने गल्लीच्या तोंडावर बोट ठेवलं, इथे, म्हणून. कोणीतरी फोटो काढला. आणि हो, ती हसली. डोक्यात ती लाल मफलरवाली म्हातारी होती.

फोटो लागल्याचं कळलं त्या आठवड्यातल्या शनिवारी निनाद तिला घेऊन गेला. गल्ली उघडून आठवडा झाला होता. आई सोबत येणार होती, पण निशिगंधाने नको म्हटलं. तिला गल्लीत एकटीनेच जायचं होतं. निनादने चौकात बाहेर थांबायचं आणि तिने फोन केला की यायचं, असं ठरलं.

गाडी लांब लावावी लागली. चौकापर्यंत निनादने खुर्ची ढकलली. समोर गेरूच्या रंगाच्या भिंती नव्याने रंगवलेल्या, गल्लीत पिवळसर दगडाची फरशी, गुळगुळीत. बाकं, कुंड्या. लोक खरंच रस्त्याच्या मधून चालत होते, मागे न बघता. आणि वर, दोन मजले भरून, ती. नकाशावर बोट ठेवलेली.

"ताई, काय भारी दिसतेयस यार," निनाद म्हणाला.

"बस. आता मी जाते." तिने चाकांवर हात ठेवले.

गल्लीच्या तोंडावर स्टीलच्या खांबांची रांग होती. चकचकीत, कमरेइतके उंच. ती मधल्या दोन खांबांसमोर गेली आणि थांबली. खुर्ची सरळ लावली, पुढे सरकली. दोन्ही चाकं खांबांना टेकली. मागे घेऊन पुन्हा सरळ केली. पुन्हा टेकली. तिने शेजारच्या जागेत लावून पाहिलं, मग त्याच्या शेजारच्या. सगळीकडे तेच. माणूस आरामात जाईल, बाई पिशवी घेऊन जाईल, मूल पळत जाईल. तिची खुर्ची जाणार नाही.

निळ्या गणवेशातला पहारेकरी स्टुलावरून उठला. "मैडमजी, इधर से नहीं जाएगी।"

"तो किधर से जाएगी?"

त्याने गल्लीकडे पाहिलं, चौकाकडे पाहिलं. "रास्ता तो यही है। बीच वाला खंभा निकलता है, पर उसमें ताला है। चाबी ऑफिस में है। फायर ब्रिगेड के लिए है।"

तेवढ्यात एका मोटरसायकलवाल्याने कोपऱ्यावरच्या दुकानाच्या ओट्याला टेकवलेल्या वीतभर रुंद फळीवरून गाडी चढवली, ओट्यावरून आत नेली आणि पलीकडे उतरवली. पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली. मोटरसायकलवाल्याने हात हलवला आणि गेला.

"वो तो चला गया," निशिगंधा म्हणाली.

"वो तो मैडमजी, रोज का है।" मग त्याला काहीतरी सुचलं. त्याने समोरच्या दुकानातल्या दोन पोरांना हाक मारली. "आ जाओ भाई, मैडम को उठाना है।"

निनाद धावत पुढे आला होता. पोरंही आली. चौघांनी खुर्चीभोवती जागा घेतली, एकाने चाकाला हात घातला.

"हाथ मत लगाना!"

ती इतक्या मोठ्याने ओरडली की गल्लीतली माणसं वळून बघायला लागली. पोरांनी हात मागे घेतले.

"ताई," निनाद खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, "दोन मिनटांचं काम आहे. उचलू दे ना. मतलब, आत गेलीस की झालं."

"नाही."

"लोक बघतायत."

"बघू देत. त्यासाठीच वर टांगलंय ना मला."

उचलणं म्हणजे काय, ते निनादला माहीत होतं. कोल्हापूरला मावसबहिणीच्या लग्नात चार मामांनी तिला खुर्चीसकट स्टेजवर नेलं होतं. खुर्ची तिरकी झाली, साडी गुडघ्यापर्यंत सरकली, कोणीतरी हसत म्हणालं, नवरीपेक्षा हिचीच वरात मोठी. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. त्या लग्नाच्या व्हिडिओत ते सगळं आहे, आणि सबनीसांच्या घरी तो व्हिडिओ कोणी लावत नाही.

निशिगंधाने खुर्ची वळवली, मधल्या खांबांसमोर आडवी लावली आणि ब्रेक ओढले. कोणाची वाट अडत नव्हती. बाजूने लोक जात होते. पण जाणारा प्रत्येक माणूस तिच्याकडे बघत होता.

"वह फोटो देख रही हैं?" तिने एका बाईला विचारलं. बाईने वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

"अरे, आप ही हो?"

"मैं ही हूँ। इन्होंने मुझसे पूछा था कि रास्ता कैसा हो। मैंने बताया था। अब देखिए, मैं अंदर नहीं जा सकती।"

बाई थांबली. तिचा नवरा थांबला. मग एक म्हातारा, मग शाळेतून आलेल्या मुली. निशिगंधा प्रत्येकाला तेच सांगत होती आणि प्रत्येक वेळी आवाज चढत होता. तिला स्वतःला माहीत नव्हतं की पोटात एवढं साठलंय. चार वर्षांत भेटलेली प्रत्येक पायरी तिला आठवत होती. बँकेची पायरी, दवाखान्याची पायरी, 'आप बाहर ही बैठिए, हम फॉर्म ले आते हैं' म्हणणारे सगळे. त्या वेळी ती गप्प बसली होती. समजून घेतलं होतं. पायऱ्या जुन्या आहेत, बांधणाऱ्यांना काय माहीत, असं म्हणून सोडून दिलं होतं. पण हे खांब मागच्या महिन्यात बसवले होते. विचारून बसवले होते. तिला विचारून.

एक दुकानदार बाहेर आला आणि म्हणाला, "बहनजी, त्योहार का सीज़न है, तमाशा मत करिए।"

"तमाशा मैंने किया? आपके ऊपर दो मंज़िल का तमाशा किसने टाँगा है?"

लोक हसले. दुकानदार आत गेला. निनाद दोन पावलं मागे सरकून मोबाइलकडे बघत उभा होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. तिला त्याचाही राग आला.

प्रकल्पाचं ऑफिस गल्लीतच वरच्या मजल्यावर होतं. पहारेकऱ्याने फोन केला असावा. थोड्या वेळाने कौशिक रानडे जिना उतरून, गर्दीतून वाट काढत आला. खांबांच्या आत तो, बाहेर ती.

"निशिगंधाताई, नमस्कार. तुम्ही कळवलं असतं तर मी आधीच..." तो मराठीत बोलायला लागला.

"हिंदीत बोला. सगळ्यांना कळू दे."

त्याने घसा साफ केला, पण हिंदीत काही बोलला नाही. मराठीतच, आणखी हळू आवाजात म्हणाला, "मूळ ड्रॉइंगमध्ये जागा होती. तुम्ही सांगितलेली. पण नंतर मोटरसायकली शिरतील म्हणून व्यापाऱ्यांनी हट्ट धरला. वरून सांगण्यात आलं, अंतर कमी करा. माझ्या हातात नव्हतं."

"सही कोणाची आहे?"

"माझीच. पण..."

"मोटरसायकल तर तुमच्यासमोर ओट्यावरून जाते. मग हे खांब कोणाला अडवतात? सांगा ना. या सगळ्या गल्लीत एक तरी असं वाहन दाखवा, जे या खांबांनी अडलंय. माझ्याशिवाय."

कौशिकने पहारेकऱ्याकडे पाहिलं. "चाबी?"

"सर, चाबी ऑफिस वाले मीणाजी के पास है। वो सांगानेर गए हैं।"

"मला चावी नको," निशिगंधा म्हणाली. "एक तर खांब काढा, नाहीतर फोटो काढा. तोवर मी इथून हलत नाही."

"खांब काढायला प्रक्रिया असते, ताई. मंजुरी लागते, ठेकेदार..."

"आणि फोटो?"

 कौशिकने वर पाहिलं. खाली जमलेल्या, मोबाइल उंच धरलेल्या लोकांकडे पाहिलं. मग बाजूला जाऊन त्याने कोणालातरी फोन लावला.

फोटो काढायला मंजुरी लागली नाही. शिडी आली, दोन माणसं आली, दोऱ्या सुटल्या. दिवेलागणीच्या आत तिचा चेहरा दुमडून, गुंडाळून, एका टेंपोत टाकून नेला. निशिगंधाने ब्रेक सोडले.

"चल," ती निनादला म्हणाली.

 मालवीय नगरच्या वळणावर निनाद म्हणाला, "सॉरी ताई. मला सुचलं नाही काय करायचं."

"बाजूला उभं राहायचं. एवढंच."

"मी होतो की."

"मागे होतास."

कोणीतरी काढलेला व्हिडिओ त्या आठवड्यात बराच फिरला. त्यात तिला 'दिव्यांग बहन' म्हटलं होतं, आणि मागे रडकं संगीत लावलं होतं. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. निशिगंधाने ते सगळं एकदा पाहिलं आणि फोन पलंगावर फेकला. ती तिथे रडली नव्हती. एक क्षणभरसुद्धा नाही. मग हे संगीत कोणासाठी?

पुढच्या रविवारी कौशिक घरी आला. हातात मिठाईचा डबा होता. दार इंदुमतीबाईंनी उघडलं. मराठी ऐकल्याबरोबर त्यांनी त्याला आत घेतलं, पंखा लावला, पाणी दिलं, पुण्यात कुठे राहता विचारलं आणि पोहे टाकले. निशिगंधा आतून बाहेर आली तेव्हा त्याच्या हातात बशी होती, वर खोबरं आणि कोथिंबीर.

"आई, यांना पोहे कशाला?"

"अगं, घरी आलेल्या माणसाला... आणि आपला माणूस आहे."

"आपला माणूस असता तर घरी कशाला यायला लागलं असतं?"

इंदुमतीबाईंचा चेहरा उतरला. त्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. कौशिकने बशी खाली ठेवली.

"मला खरंच वाईट वाटलं, ताई. मी एक सुचवायला आलोय. तुम्हाला कधीही यायचं असेल तर मला फोन करा. तुमच्या येण्याआधी मी मधला खांब काढून ठेवायला सांगेन. चावीची एक प्रत आता पहारेकऱ्याकडे ठेवतोय."

"म्हणजे मला गोटा घ्यायचा असेल तर मी आधी तुम्हाला फोन करायचा."

"फक्त एक फोन."

"आणि तुम्ही कामात असलात तर? पुण्याला गेलात तर? तुमचं काम संपून तुम्ही दुसऱ्या शहरात गेलात तर? जयपुरात खुर्चीवर मी एकटीच आहे का? बाकीच्यांनी कोणाला फोन करायचा?"

"मी माझ्या परीने..."

"तुम्ही आम्हाला एक बाई दाखवली होती. लाल मफलरवाली. आठवते?"

"हो."

"ती कोणाला फोन करून येते?"

कौशिकने पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला.

"त्या शहरात तुम्हाला कोणी सांगितलं असतं, अंतर कमी करा, म्हातारी बाहेर राहिली तर राहू दे, तर तुम्ही सही केली असती?"

"तिथे असं कोणी सांगणार नाही."

"मी ते विचारलं नाही. तुम्ही सही केली असती का, ते विचारलं."

 कौशिकने मान खाली घातली होती. मग तो म्हणाला, "नाही."

"मग इथे का केलीत?"

 तो उठला, इंदुमतीबाईंना नमस्कार केला आणि गेला. मिठाईचा डबा टेबलावर राहिला. निशिगंधाने तो उचलून आईला शेजारच्यांकडे देऊन यायला सांगितलं.

"इतकं बोलायला नको होतंस," इंदुमतीबाई म्हणाल्या. "पोरगा वाईट नाही."

"वाईट कोणीच नाही गं, आई. उचलायला आलेली पोरं वाईट नव्हती, पहारेकरी वाईट नव्हता, मामा वाईट नव्हते. सगळे चांगले आहेत आणि मी बाहेर आहे."

इंदुमतीबाईंनी पदराने डोळे पुसले. दुसऱ्या कोणत्याही दिवशी निशिगंधाने त्यांचा हात धरला असता. त्या दिवशी ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

तीन महिन्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, निनाद संध्याकाळी ऑफिसातून तिला घ्यायला आला तो हसतच. "ताई, मधला खांब काढला! कायमचा! मी स्वतः बघून आलो. खड्डा पण बुजवला. तू जिंकलीस!" त्याने घरी फोनही करून टाकला होता. घरी पोचेपर्यंत आईने शिरा केला होता.

निशिगंधालाही बरं वाटलं. खोटं कशाला बोला, खूप बरं वाटलं. रात्री तिने कपाटातली निळी साडी काढली, हिला रुपेरी किनार चांगली दिसेल म्हणून. शनिवारी निनाद तिला घेऊन गेला. खांबांच्या रांगेत मध्ये एक रुंद फट होती. ती तिथे पोचली आणि निनादचे हात सवयीने खुर्चीच्या मुठींवर गेले.

"हात काढ."

"हो, हो." त्याने काढले.

ती आत गेली. चाकांखाली फरशी गुळगुळीत होती. दगडाच्या सांध्यांवरून बारीक टकटक आवाज येत होता. दोन्हीकडे रिळं, झालरी, लटकणी, मध्येच एखाद्या दुकानातून उदबत्तीचा वास. लोक तिला बाजूने वाट देत होते आणि पुढे जात होते. तिच्या मागे कोणी नव्हतं. तिने एकदा वळून खात्री करून घेतली. चार वर्षांनी ती रस्त्याच्या मधोमध होती आणि कोणाच्याही मध्ये नव्हती.

चौथमलजी दुकानाच्या गादीवर बसले होते. पूर्वीपेक्षा वाळले होते. तिला बघून उठले, चप्पल न घालता रस्त्यावर उतरले.

"बेटी! कितने साल बाद! वीडियो में देखा था तुझे। बहुत सुनाया तूने सबको।"

"सुनाया तभी तो खंभा हटा, चाचाजी।"

चौथमलजी जरा घुटमळले. ते खोटं बोलणारे नव्हते. "खंभा तो, बेटी... माल की ट्रॉली नहीं निकल रही थी। दिवाली का माल चौक में पड़ा था सबका। हम सब व्यापारी गए ऑफिस। दो दिन में हटा दिया।"

निशिगंधाने दाखवायला बाहेर काढलेली निळी साडी पिशवीत परत ठेवली.

"ट्रॉली के लिए," ती म्हणाली.

"हाँ। पर चलो, तेरा भी काम हो गया।"

तेरा भी.  ती सभेला गेली, तिने सांगितलं, ती भर चौकात ओरडली, तो माणूस तिच्या घरी येऊन मान खाली घालून बसला. त्या सगळ्याने खांब एक बोटभरही सरकला नव्हता. आणि गोट्याच्या गठ्ठ्यांसाठी दोन दिवसांत निघाला. मंजुरी नाही, प्रक्रिया नाही, ठेकेदार नाही.

"ऊपर आ जा, लड़के उठा लेंगे," चौथमलजी दुकानाच्या पायऱ्यांकडे बघत म्हणाले.

"नहीं, चाचाजी. माल नीचे लाइए। मैं यहीं देखूँगी।"

म्हाताऱ्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. रिळं खाली आणली. रस्त्यावरच एक स्टूल मांडून त्यावर पांढरी चादर अंथरली आणि एकेक किनार उलगडून दाखवायला लागला. येणारी जाणारी गिऱ्हाइकंही थांबून बघायला लागली.

मागून हॉर्न वाजला. फटीतून आत शिरलेला एक मोटरसायकलवाला माणसांना बाजूला सारत येत होता. पलीकडच्या दुकानातला तोच दुकानदार, ज्याने तिला तमाशा करू नका म्हटलं होतं, ओट्यावरून ओरडला, "देख लीजिए! अब सब घुसेंगे। इन्हीं की वजह से खंभा हटा है।"

"मेरी वजह से?" निशिगंधाने खुर्ची वळवली. "आपकी ट्रॉली की वजह से हटा है! मेरे कहने से हटता तो तीन महीने पहले हटता!" ती मोटरसायकलच्या समोर गेली. चाक तिच्या खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीला टेकायच्या बेतात थांबलं. "उतरिए."

"अरे मैडम, साइड दीजिए, आगे तक जाना है।"

"सबको आगे तक जाना है। उतरिए और धक्का देकर बाहर ले जाइए।"

तो हसला. त्याने आजूबाजूला पाहिलं, कोणी तरी आपल्या बाजूने बोलेल म्हणून. चौथमलजी हातात रुपेरी किनार धरून तसेच उभे होते. एक बाई म्हणाली, "सही तो कह रही है।" निनाद गर्दीतून पुढे आला आणि बहिणीच्या बाजूला, तिच्या चाकाला पाय लावून उभा राहिला. 

मोटरसायकलवाल्याने इंजिन बंद केलं. बडबडत उतरला. गाडी वळवायला त्याला दोनदा मागेपुढे करावं लागलं. मग हँडल धरून, ढकलत, चौकाच्या दिशेने गेला. पहारेकऱ्याने उशिरा का होईना, शिट्टी वाजवली.

 निशिगंधाने खुर्ची चौथमलजींकडे वळवली. आईचा फोन वाजत होता.

"पोचलीस का? झालं ना गं सगळं मनासारखं?"

"नाही, आई."

"अगं पण खांब तर काढला ना?"

"माझ्यासाठी नाही काढला. घरी आल्यावर सांगते."

"मग लगेच परत ये. त्रास नको करून घेऊस."

"परत कशाला? मला किनार घ्यायची आहे. आणि शहरातले बाकीचे असे खांब, बँकेची पायरी, दवाखान्याची पायरी, हे सगळं कोणत्या ऑफिसातून निघतं, तेही विचारून येते. त्या दिवशी या एकाच गल्लीच्या खांबाबद्दल बोलले, तिथेच चुकलं."

तिने फोन ठेवला. चौथमलजींनी नवीन रीळ सोडलं. तिने किनार बोटांवर घेऊन उजेडात धरली आणि म्हणाली, ही नको, जरा अजून रुंद दाखवा.